सारंगाच्या घरातला आचारी

आधी माफी मागतो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी पाकिटावरच्या पत्त्यापेक्षा लांब असं काही लिहिलेलं नाही, आणि तो पत्तासुद्धा पोस्टमनला तोंडी समजावून सांगावा लागे. मी कॉलेजात गेलो एवढ्यावरून मला लिहिता येतं असं आमच्या गल्लीत धरून चालतात. कॉलेजातल्या लोकांचं मत वेगळं आहे. दोघांपैकी कोण बरोबर हे मलाही ठरवता आलेलं नाही, म्हणून घाबरत घाबरत सुरुवात करतो.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला इतिहासाच्या सरांनी प्रकल्प दिला: आपल्या घराण्याचा इतिहास, कागदपत्रांच्या आधारे. वर्गातली काही मुलं जाडजूड कुलवृत्तांत घेऊन आली, काहींनी जुने सातबारे आणले. माझ्याकडे फक्त एक गोष्ट होती. माझे पणजोबा, म्हणजे अब्बांचे आजोबा, विलायतेला जाणाऱ्या आगबोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम. शिट्टी त्याच्याकडे, माणसं त्याची, साहेबाशी बोलणार तो. लहानपणी मला कुणी रागावलं की मी मनात म्हणायचो, आम्ही सारंगाच्या घरातले आहोत. याचा समोरच्यावर काही परिणाम होत नसे, कारण मी ते मनात म्हणायचो.

यात एकच गोष्ट खटकायची. गावात पणजोबांचं नाव आमच्या घराला नाही, समोरच्या घराला आहे. त्या घराशी आमचं लांबचं नातं, आणि पायवाटेवरून जवळचं भांडण. त्यांच्यातही त्या नावाचा कुणी होऊन गेला असेल, असं मी समजत होतो. आमच्या वाडीत पाच-सहा नावांत सगळ्यांचं भागतं.

सरांनी सांगितलं की इंग्रजांच्या जुन्या खानेसुमारीत बंदरात उभ्या असलेल्या बोटींवरची माणसंही मोजलेली आहेत, आणि ती पानं आता कॉम्प्युटरवर बघता येतात. त्यांनी कुणाच्या तरी ओळखीने मला पासवर्ड मिळवून दिला. तो खिशात घेऊन मी सुट्टीत उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या यात्रेला, गेलो. उमरा झाल्यावर व्हिसाचे उरलेले दिवस जेद्दात अब्बांच्या खोलीवर काढायचे ठरले होते.

अब्बा तिथे बलदच्या बाजारात घड्याळांच्या दुकानात कामाला होते. पट्टे बदलायचे, सेल घालायचे, गिऱ्हाइकाशी घासाघीस करायची. पण त्यांच्या इकाम्यावर, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यावर, पेशा लिहिला होता मेंढपाळ. त्यांना आणणारा कफील, म्हणजे कागदोपत्री मालक, ताइफकडचा, आणि त्याच्या हातात तेव्हा मेंढपाळाचाच व्हिसा होता. व्हिसा एकाचा, काम दुसरीकडे, असं आमच्याकडची निम्मी माणसं करत होती. अब्बांचा मेंढरांशी संबंध फक्त बकरी ईदला यायचा, आणि तोही जेवणापुरता. कॉलेजात प्रवेश घेताना मी उत्पन्नाच्या कागदांबरोबर इकाम्याचं भाषांतर जोडलं, तेव्हा क्लार्कने चष्म्यावरून बघून विचारलं होतं, "वडील मेंढपाळ? मग भटक्यांचा दाखला कुठाय?" मी म्हणालो, "ते घड्याळाच्या दुकानात आहेत." तो म्हणाला, "मग इथे असं का लिहिलंय?" मी म्हणालो, "लिहिलेलं तसं आहे." त्याने कपाळाला हात लावला आणि शिक्का मारला.

मी पोचलो ते दिवस सौदीकरणाचे. सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. पुरेशी सौदी माणसं कामाला असतील ती हिरवी, नसतील ती लाल. आणि हुकूम असा, की परदेशी माणसाने आपल्याच कफीलाकडे, कागदावर लिहिलेलंच काम करायचं. ज्याचं तसं नसेल त्याने मोहलत संपायच्या आत एखाद्या हिरव्या कंपनीच्या नावावर बदली करून घ्यायची, हिला सगळे 'नकल' म्हणत, नाहीतर सामान बांधायचं. अब्बांचं दुकान लाल. मालक भला माणूस, पण त्याला अब्बांना आपल्या नावावर घेता येत नव्हतं. अब्बा दिवसभर खोलीत बसत किंवा पाकीट घेऊन हिरव्या कंपन्या शोधत फिरत. कुठे 'बुकरा' म्हणजे उद्या या म्हणत, कुठे इकाम्यावरचा पेशा वाचून हसत. नकल झाली नाही तर ते गावी परत येणार, आणि माझं कॉलेज तिथेच सुटणार, हे आम्ही दोघंही जाणून होतो. म्हणून त्यावर बोलत नव्हतो.

अशा वेळी एखाद्या शहाण्या मुलाने निदान बापाबरोबर चार दरवाजे तरी झिजवले असते. मी लॅपटॉप उघडून शंभर वर्षांपूर्वीच्या बोटी बघत बसलो.

खोलीत चार खाटा होत्या. अब्बांच्या समोरची खाट दापोलीकडच्या एका चाचाची. तो एसी दुरुस्त करायचा, त्याच्या इकाम्यावरही एसी दुरुस्तीच लिहिलेली होती, त्यामुळे त्या दिवसांत खोलीत विनोद सुचणारा तो एकटाच.

"काय प्रोफेसर, सापडला का खलाशी?"

"अजून नाही, चाचा."

"शोध, शोध. तुमचा एखादा आजा जेद्दात उतरून इथेच निका लावून राहिला असेल तर बघ. एक सौदी चुलता निघाला की तुझ्या बापाचं काम खलास!"

मी हसलो. आणि मग, लपवून काय करू, दोन दुपारी मी तो सौदी चुलता खरंच शोधला.

चुलता मिळाला नाही, पण तिसऱ्या दुपारी पणजोबा मिळाले. इंग्लंडातल्या एका बंदरात उभी असलेली बोट, तिच्यावरच्या माणसांची यादी, आणि त्यात आमच्या पणजोबांचं नाव. त्यांच्या वडलांचंही नाव बरोबर. गावाचं नाव त्या गोऱ्या कारकुनाने असं लिहिलेलं की खुद्द गावाने ओळख दिली नसती, पण मोठ्याने वाचलं की आमचंच. वय जुळत होतं. मग मी पुढच्या रकान्यात नजर टाकली. काम: आचारी.

अब्बा नुकतेच बाहेरून आले होते. बुटांच्या नाड्या न सोडताच खाटेच्या कडेला बसून खुबूस रोटीचा तुकडा फूल नावाच्या तिथल्या उसळीत बुडवत होते. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे धरला.

"आचारी?" अब्बांचा घास थांबला. "आचारी नव्हता तो. सारंग होता."

"अब्बा, लिहिलंय इथे."

"कोणी लिहिलंय?"

"सरकारने."

"सरकारने काय त्याच्या हातचं खाल्लं होतं?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण प्रकल्पाच्या तयारीत मी काही वाक्यं पाठ केलेली होती आणि ती बाहेर यायला अधीर झाली होती. मी म्हणालो, इतिहास पुराव्यावर चालतो. म्हणालो, घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टींत माणसं आपल्या माणसाला चढवून सांगतात, त्यामुळे समकालीन सरकारी नोंद नेहमी जास्त विश्वासार्ह मानावी. हे सगळं मी त्या माणसाला सांगत होतो ज्याच्या शर्टाच्या खिशातून इकामा डोकावत होता.

समोरच्या खाटेवरून चाचाचा आवाज आला, "अरे मेंढपाळा, पोराला पाणी दे. घसा सुकला त्याचा."

खोली हसली. अब्बाही हसले, बऱ्याच दिवसांनी. माझे कान तापले. मी लॅपटॉप मिटला आणि पाणी स्वतःच घेतलं.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी गावी त्यांच्या फुफीला फोन लावला. ती त्या पणजोबांची सख्खी मुलगी, सगळ्यांत धाकटी, आणि त्या पिढीतली एकटीच राहिलेली. ऐकू कमी येतं म्हणून ती समोरच्यालाही कमी येतं असं समजून बोलते. अब्बांनी स्पीकर लावला, त्याची गरज नव्हती. मी साल सांगितलं, बंदर सांगितलं.

"कुठलं साल म्हणालास? माझा थोरला भाऊ जन्मला तेच ना?" फुफी ओरडली. "त्या साली बाप माझा घरात होता! माडावरून पडून मांडी मोडली होती त्याची. खाटेवरून उठत नव्हता, तो बोटीवर कसा जाईल?"

"मग हा कोण?" मी विचारलं.

"समोरचा! दुसरा कोण? त्याच्याकडे नली नव्हती." नली म्हणजे खलाशाचा कागद, ज्याच्यावर त्याच्या फेऱ्या लिहिल्या जायच्या, तो नसला तर कुठलीच बोट घेत नसे. "बापाने आपली दिली त्याला. म्हणाला, मी पडून आहे तवर एक फेरी करून ये, नि परत दे. तो गेला, आला, परत गेला. नली काय दिली नाय. बोटीवर त्याला सगळे माझ्या बापाच्या नावाने हाक मारायचे, मग गावातही तेच नाव पडलं. त्या घराला नाव कुणाचं आहे, बघितलं नाय कधी?"

रोज बघितलं होतं. लहानपणापासून शाळेत जाताना आणि येताना.

"मग पाय बरा झाल्यावर पणजोबा..."

"परत नाय गेला कधी. कसा जाणार? बोटीवर तो होताच की!"

अब्बांनी हळूच विचारलं, "फुफी, मग सारंग?"

पलीकडे पहिल्यांदाच आवाज खाली आला. "सारंग व्हायचं होतं त्याला," ती म्हणाली.

फोन बंद झाल्यावर चाचाने हिशेब मांडला. "म्हणजे प्रोफेसर, तू एवढे दिवस डोळे फोडून समोरच्यांचा आजा शोधून काढलास. फुकटात." आणि थोडं थांबून म्हणाला, "बरं झालं. आता त्याचा त्याला नेऊन दे."

त्याचा रोख मला कळला नाही, बाकीच्यांना कळला. समोरच्या घरातला एक माणूस जेद्दातच होता. एका बांधकाम कंपनीच्या मेसचा प्रमुख, कंपनी हिरवीगार. हे खोलीतल्या सगळ्यांना मोहलत सुरू झाली तेव्हापासून माहीत होतं. अब्बांनाही. ते आणि तो माणूस ईदच्या नमाजाला एकमेकांना दिसत, सलाम करत आणि दोन दिशांना जात.

"त्याच्याकडे एकदा शब्द टाकला असता तर..." चाचा म्हणाला.

"त्याच्या दाराशी मी जाणार नाही," अब्बा म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

मी मात्र जायचं ठरवलं. धाडसाने नव्हे. खरं कारण असं की माझ्याकडे एका परक्या माणसाचा पूर्वज होता आणि तो माझ्या प्रकल्पात बसत नव्हता. फोटोकॉपीच्या दुकानातून त्या पानाची प्रत काढली, आणि जुम्म्याच्या नमाजानंतर चाचाला रस्ता विचारून कंपनीच्या मेसवर गेलो. वाटेत भाषण तयार केलं. सुरुवातीला सलाम, मग इतिहासाचं महत्त्व, मग दोन घरांचं जुनं नातं, आणि सगळ्यात शेवटी, अगदी जाता जाता, अब्बांचा विषय.

तो माणूस भल्यामोठ्या पातेल्यापुढे उभा राहून दालच्याची, म्हणजे मटण घातलेल्या डाळीची, चव बघत होता. माझ्याकडे वळून म्हणाला, "कुणाचा रे तू?"

मी घर सांगितलं. त्याने पळी पातेल्याच्या काठावर ठेवली आणि बघत राहिला. माझं भाषण तिथल्या वाफेत विरून गेलं. तोंडातून निघालं ते असं: "चाचा, आमची नली तुमच्याकडे राहिलीय."

आजही ते वाक्य आठवलं की मी डोक्यावर चादर ओढून घेतो.

मी घाईघाईने प्रत पुढे केली, नाव कुणाचं, माणूस कोण, हे उलटसुलट सांगितलं. त्याने हात पुसले, कागद उजेडात धरला आणि बोटाने रकाना धरून वाचत गेला.

"आचारी?"

"हो," मी म्हणालो. अब्बांचा थांबलेला घास माझ्या डोळ्यांपुढे आला. वाटलं, आता हा मला पातेल्यात टाकणार.

"अरे इधर आओ सब!" तो आत ओरडला. दोन-तीन माणसं पीठ लागलेल्या हातांनी बाहेर आली. "देखो, मेरा परदादा. विलायत के जहाज का बावर्ची!" मग माझ्याकडे वळून, आवाज उतरवून म्हणाला, "घरी मला काय बोलतात ठाऊक आहे? सारंगाच्या घरात जन्मला नि चुलीपुढे उभा राहिला. माझी बायको बोलते. सासरा तर बोलायचाच."

म्हणजे सारंग त्यांच्याही घरात होता. एक नली, दोन घरं, दोन सारंग. आणि बोटीवर होता तो डाळ ढवळत होता.

"नली तुमच्या आजाने विकली होती, असं आमच्यात सांगतात," तो म्हणाला.

"आमच्यात सांगतात, उसनी दिली होती."

"असेल." त्याने कागदाची नीट घडी करून खिशात ठेवली. "ती कधीच वाळवीने खाल्ली. दुसरा कुठला कागद पाहिजे तुझ्या बापाला?"

मी सांगितलं. भाषण उरलंच नव्हतं, त्यामुळे दोनच शब्दांत सांगता आलं.

त्याने एका ताटात भात आणि दालचा वाढून माझ्यापुढे ठेवला. मी जेवत असताना म्हणाला, "बापाला सांग, उद्या इकामा घेऊन ये. मी बाहेर फाटकापाशी उभा असेन. त्याला दार वाजवायला लागणार नाही."

खोलीवर येऊन मी सगळं सांगितलं. फक्त ते नलीचं वाक्य गाळलं. अब्बा रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं:

"जेवायला घातलं का त्याने?"

"हो."

"काय?"

"दालचा."

"कसा होता?"

"चांगला होता, अब्बा."

"असणारच," चाचा म्हणाला. "खानदानी आचारी आहे."

सकाळी अब्बांनी शर्टाला इस्त्री केली आणि आरशापुढे नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा फक्त एवढंच म्हणाले, "अर्ज घेतलाय. त्यांच्या साहेबाने बघायचंय." त्यानंतर रोज तेच उत्तर: साहेबाने बघायचंय. मग म्हणाले, दफ्तरात गेलाय. माझा व्हिसा संपत आला तरी कागद दफ्तरातच होता. विमानतळावर निरोप घेताना अब्बा म्हणाले, "अभ्यास कर." मी म्हणालो, "करतो." आम्हा दोघांना ठाऊक होतं की तो अभ्यास किती दिवस चालेल ते त्या दफ्तरात ठरतंय.

गावी आलो तर माझ्याआधी बातमी पोचलेली. समोरच्या घराने त्या पानाची प्रत फोनवरून मागवून, छापून, काचेत बसवून ओटीवर लावली होती. आमच्या पणजोबांचं नाव आता त्यांच्या भिंतीवर आहे. आई पायवाटेवरून जाताना मान वळवून बघते आणि घरी येऊन म्हणते, "चौकट चांगली केलीय."

प्रकल्प मी दिला. वंशावळीत पणजोबांच्या नावापासून एक बाण काढून समोरच्या घराकडे नेला, आणि बाणावर काय लिहावं ते न सुचल्याने काहीच लिहिलं नाही. सर म्हणाले, "हा माणूस तुझ्या घराण्यातला की नाही?" मी म्हणालो, "सर, नाव आमचं आहे." त्यांनी बाणाशेजारी प्रश्नचिन्ह काढलं आणि बरे गुण दिले, बहुधा माझा चेहरा बघून.

पुढच्या सत्राची फी भरायची वेळ आली. मी कॉलेजच्या ऑफिसबाहेरच्या रांगेत, रांगेत नेमकं कशासाठी उभा आहे हे न ठरवता, उभा होतो. फी भरायची की दाखला काढायचा, हे माझ्या हातात नव्हतं. तेव्हा फोन वाजला. जेद्दाचा नंबर.

"नकल झाली," अब्बा म्हणाले.

मागचा मुलगा मला पुढे सरकायला सांगत होता.

"ऐकतोयस ना? झाली. तबूकला त्यांचा मोठा कॅम्प आहे, तिथल्या मेसचं कोठार बघायचंय. पुढच्या आठवड्यात निघतो."

"आणि इकाम्यावर?" मी विचारलं. "पेशा काय लिहिलाय?"

मागून चाचाच्या हसण्याचा आवाज आला.

"त्यांच्याकडे एकच जागा रिकामी होती," अब्बा म्हणाले. "आचारी. आईला आत्ताच सांगू नको, हसेल. तुझ्या कॉलेजात तेवढं कळव."